बेकवेल आणि आसपासचा निसर्ग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उन्हाळ्यात लेकीकडे-मुलाकडे इंग्लंडला आलेले आई-वडील, लेस्टर-डर्बी-मँचेस्टरकडची मराठी कुटुंबं आणि शेफील्डला शिकायला आलेली मुलं बेकवेलबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. सगळ्या ठिकाणांना सारखी जागा दिलेली नाही. जिथे तुम्ही वेळ काढून थांबावं असं मनापासून वाटतं, तिथे जास्त लिहिलं आहे.

बेकवेल नेमकं कुठे आहे?

डर्बीशायर परगण्यात, वाय नदीच्या काठी. शेफील्डहून साधारण २५ किलोमीटर आणि डर्बीहून ४० किलोमीटर. वस्ती चार हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने एक बेताचं खेडं. पण बाजारपेठेचं गाव म्हणून त्याचा मान जुना आहे आणि आजही दर सोमवारी इथे आठवडी बाजार भरतो.

गावाभोवती पीक डिस्ट्रिक्ट हे राष्ट्रीय उद्यान आहे. १९५१ साली जाहीर झालेलं हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. त्याला कुंपण नाही, फाटक नाही, प्रवेशशुल्कही नाही. उद्यानाच्या आत गावं आहेत, शाळा आहेत, दगडाच्या खाणी आहेत आणि बरीचशी जमीन खासगी मालकीची आहे. माणसं इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, मेंढ्या पाळतात. त्यामुळे निसर्ग पाहायला जाताना आपण कुणाच्या तरी शेतातून चाललो आहोत, ही जाणीव सतत हवी.

एका टेकडीचा दगड पांढरा, पलीकडच्या टेकडीचा काळपट. असं का?

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांना हा भाग लवकर कळतो. बेकवेलच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला चुनखडीचा प्रदेश आहे, त्याला व्हाइट पीक म्हणतात. पूर्वेला आणि उत्तरेला ग्रिटस्टोन नावाचा खरबरीत वालुकाश्म आहे, तो डार्क पीक. चुनखडी सुमारे ३३ ते ३५ कोटी वर्षांपूर्वीची. तेव्हा इथे उथळ, उबदार समुद्र होता. गावाबाहेरच्या दगडी गडग्याजवळ जाऊन नीट पाहिलंत तर दगडात बारीक चकत्या आणि शिंपल्यांचे तुकडे दिसतात. त्या चकत्या क्रिनॉइड या समुद्री जिवाच्या देठाच्या. नंतर नद्यांनी वाळू आणून टाकली आणि तिचा ग्रिटस्टोन झाला.

चुनखडीत पाणी मुरतं, भेगा पडतात, नद्या जमिनीखाली जातात. त्याच भेगांमध्ये शिसं साठलं आणि त्यावर खाणी उभ्या राहिल्या. पाणी दुर्मीळ म्हणून झऱ्यांना मान आला. ग्रिटस्टोनवर मात्र पाणी साचतं, पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीची, काळी दलदल होते आणि हेदर हे बुटकं झुडूप वाढतं. पुढच्या बऱ्याच उत्तरांचं मूळ या दोन दगडांत आहे.

गावात काय पाहावं?

अर्ध्या दिवसाचं गाव आहे. वाय नदीवरचा पाच कमानींचा दगडी पूल मध्ययुगीन आहे आणि त्यावरून अजून वाहनं जातात. पुलावरून खाली पाहिलं की मोठाले ट्राउट मासे प्रवाहाच्या उलट दिशेला तोंड करून स्थिर उभे दिसतात. रेनबो ट्राउट ही मूळची उत्तर अमेरिकेतली जात. ब्रिटनमध्ये ती बहुतेक ठिकाणी पैदास करून सोडावी लागते, पण वाय नदीत ती आपणहून अंडी घालते आणि टिकून आहे. काठावर बदकंही भरपूर. पावाचे तुकडे टाकू नका; पोट भरतं, पोषण होत नाही. दुकानात बदकांसाठी धान्य मिळतं.

टेकडीवर ऑल सेंट्स चर्च आहे. त्याच्या आवारातले अँग्लो-सॅक्सन काळातले कोरीव क्रॉस आणि पोर्चमध्ये रचून ठेवलेले जुने कोरीव दगड जरूर पाहा. जवळच ओल्ड हाउस म्युझियम हे ट्यूडर काळातलं घर आहे. सूतगिरणीवाले रिचर्ड आर्कराइट यांच्या काळात त्याच्या खोल्या करून त्यात गिरणीकामगार राहायचे.

सोमवारी आलात तर नदीपलीकडे जनावरांच्या बाजारातही डोकावा. लिलाव पुकारणाऱ्याचा वेग आणि कठड्याला रेलून नुसती भुवई उडवून बोली लावणारे शेतकरी पाहिले की हे गाव पर्यटकांच्या आधी कुणाचं आहे ते समजतं.

बेकवेल टार्ट आणि बेकवेल पुडिंग एकच का? आम्ही शाकाहारी आहोत, चालेल का?

दोन्ही वेगळे. पुडिंगमध्ये खाली पापुद्र्याची पेस्ट्री, त्यावर जॅमचा थर आणि वर अंडी, लोणी, साखर व बदामाचं मिश्रण. दिसायला ओबडधोबड, मध्ये किंचित खचलेलं, खायला लुसलुशीत. टार्टला खुसखुशीत तळ, वर बदामाचा केकसारखा थर आणि बऱ्याचदा पांढरं आयसिंग. सुपरमार्केटच्या डब्यात चेरी लावून मिळतो तो टार्टचा भाऊबंद.

एका खानावळीतल्या स्वयंपाकिणीच्या चुकीतून पुडिंग जन्मलं, अशी आख्यायिका गावात सांगतात. साल आणि तपशील सांगणाऱ्यागणिक बदलतात आणि मूळ कृती आपलीच, असा दावा एकाहून अधिक दुकानं करतात. दोन दुकानांतलं घेऊन वाटून खा, हा माझा सल्ला.

दोन्हींत अंडं असतं. अंडं न खाणाऱ्यांनी व्हीगन प्रकार आहे का ते विचारावं. पेस्ट्रीत कुठली चरबी वापरली आहे हेही विचारून घ्या. दुकानदारांना या प्रश्नाची सवय आहे. बदाम-काजूची ॲलर्जी असेल तर लांबच राहा. जेवणासाठी पबमध्ये भाजलेला बटाटा, सूप, चीज-कांद्याचा पाय वगैरे शाकाहारी पदार्थ मिळतात. तरीही दिवसभर चालायचं असेल तर दशम्या-चटणी बरोबर असलेली बरी, कारण दऱ्यांमध्ये दुकान नाही.

चॅट्सवर्थला जायलाच हवं का? तिकीट महाग वाटतं.

चॅट्सवर्थ हा बेकवेलजवळचा मोठा सरदारी वाडा. त्याचं घर आणि बाग यांना तिकीट आहे. भोवतालच्या उद्यानात पायवाटांवरून फिरायला पैसे लागत नाहीत, हे अनेकांना माहीत नसतं. बेकवेलहून टेकडी चढून, एडन्सर या आखीव-रेखीव गावावरून तासा-दीड तासात चालत पोचता येतं. उतरताना डरवेंट नदी, हरणांचे कळप आणि मागे ते अवाढव्य घर एकदम नजरेत येतं. मोटारीने वाहनतळावर उतरणाऱ्याला हे दृश्य मिळत नाही.

डेव्हनशायरच्या ड्यूकचं, म्हणजे कॅव्हेंडिश घराण्याचं हे घर. आत चित्रं, शिल्पं, रंगवलेली छतं सगळं आहे आणि सुंदर आहे. पण खिसा सांभाळायचा असेल तर फक्त बागेचं तिकीट घ्या. ही बाग घडवली जोसेफ पॅक्स्टन यांनी. १८२६ साली, वयाच्या विशीत, ते इथे मुख्य माळी झाले. १८४४ मध्ये त्यांनी एम्परर फाउंटन हे कारंजं उभारलं. रशियाचे सम्राट निकोलस पहिले येणार म्हणून ते केलं आणि सम्राट आलेच नाहीत. कारंज्याला पंप नाही. डोंगरमाथ्यावर तलाव खोदला, तिथून नळाने पाणी खाली आणलं आणि त्या दाबावर पाणी सुमारे ९० मीटरपर्यंत उसळू शकतं. लंडनच्या १८५१ च्या प्रदर्शनातला क्रिस्टल पॅलेसही पॅक्स्टन यांचाच. काचेच्या त्या प्रचंड इमारतीची तालीम त्यांनी इथल्या काचघरांवर केली होती.

मराठी माणसाने इथे आवर्जून आठवावी अशी गोष्ट केळीची. १८३० च्या सुमारास मॉरिशसहून आलेलं एक ठेंगणं केळीचं रोप पॅक्स्टन यांनी इथल्या काचघरात वाढवलं. १८३५ साली ते फुललं. ड्यूकच्या घराण्यावरून त्या केळीला कॅव्हेंडिश हे नाव मिळालं. जळगावकडे, रावेर-यावलच्या मळ्यांत आज लावली जाणारी ग्रँड नैन म्हणजे जी-नाइन केळी याच कॅव्हेंडिश गटातली. बसराई आणि श्रीमंतीसुद्धा. खानदेशातल्या केळीच्या घडाचं गटनाव डर्बीशायरच्या या थंड दरीतून आलं आहे. भारताशी आणखी एक धागा असा, की ड्यूकने १८३५ मध्ये जॉन गिब्सन या माळ्याला खास वनस्पती गोळा करायला भारतात पाठवलं आणि तो खासी टेकड्यांतून ऑर्किडचा मोठा साठा घेऊन परतला.

घर हिवाळ्यात काही काळ बंद असतं. तारखा पाहूनच निघा.

वयस्कर मंडळींना आणि लहान मुलांना झेपेल अशी वाट कोणती?

मॉन्सल ट्रेल, दुसरा विचार नको. बेकवेलपासून सुरू होणारी, सुमारे साडेतेरा किलोमीटरची ही वाट जुन्या रेल्वेमार्गावर केली आहे. रेल्वेची असल्यामुळे चढ अगदी सौम्य आणि पृष्ठभाग सपाट आहे. व्हीलचेअर, बाबागाडी, सायकल सगळं चालतं. हॅसप स्टेशन या जुन्या स्थानकात चहापाणी आणि भाड्याच्या सायकली मिळतात.

१८६३ मध्ये मिडलंड रेल्वेने हा मार्ग सुरू केला. दरीवरून पूल टाकल्याबद्दल लेखक जॉन रस्किन भयंकर संतापले होते. बक्सटनच्या माणसाला अर्ध्या तासात बेकवेल गाठता यावं म्हणून एवढी सुंदर दरी नासवली, असं त्यांचं म्हणणं. १९६८ मध्ये रेल्वे बंद झाली. आज तोच हेडस्टोन व्हायाडक्ट संरक्षित वास्तू आहे आणि मॉन्सल हेडवरून त्याचे फोटो काढायला गर्दी होते. रस्किन यांचा राग मला समजतो आणि तरीही पाच कमानींचा तो पूल तिथे आहे हे चांगलंच वाटतं.

वाटेतले मोठे बोगदे २०११ मध्ये खुले झाले. प्रत्येक साधारण ४०० मीटर लांब. दिवसा आत दिवे असतात, पण भर उन्हाळ्यातही हवा गार असते आणि छतातून पाणी ठिबकतं. भिंतीवर धुराच्या इंजिनांची काजळी अजून आहे. बोट लावून पाहा. मुलांच्या हाळ्यांनी बोगदा दणाणतो तेव्हा सायकलवाल्यांकडे मात्र लक्ष असू द्या.

लॅथकिल डेलमध्ये गेलो तर नदीच नव्हती. चुकीच्या दरीत गेलो का?

दरी बरोबर होती, महिना उन्हाळ्याचा होता. लॅथकिल नदी चुनखडीवरून वाहते. हिवाळ्यात ती वरच्या बाजूच्या गुहेतून फसफसत बाहेर पडते. उन्हाळ्यात भूजलाची पातळी उतरली की वरचा टप्पा कोरडा पडतो. यात माणसाचाही हात आहे. शिशाच्या खाणीत पाणी भरू नये म्हणून जुन्या खाणकामगारांनी जमिनीखालून निचऱ्याचे लांब बोगदे खणले, त्यांना इथे सफ म्हणतात. या दरीतल्या खाणी बंद पडून दीड शतक उलटलं, पण सफ अजून पाणी पळवतात.

नदी पाहायची असेल तर ओव्हर हॅडन गावातून खाली उतरा आणि प्रवाहाच्या दिशेने कॉंक्सबरी पुलाकडे चाला. हा टप्पा माझ्या मते या सगळ्या परिसरातला सर्वांत सुंदर. चुनखडीतून गाळून आलेलं पाणी इतकं नितळ, की तळाचं एकेक शेवाळ मोजावं. दगडावर पांढऱ्या छातीचा, तपकिरी, गोलसर पक्षी बसल्या जागी उठाबशा काढताना दिसला तर तो डिपर. क्षणात तो पाण्यात शिरतो, तळाशी चालत किडे वेचतो आणि थोड्या अंतरावर बाहेर येतो. पाच मिनिटं बोलणं थांबवून उभं राहिलं तर तो हमखास जवळ येतो.

जून-जुलैमध्ये दरीच्या वरच्या भागात जेकब्ज लॅडर नावाचं निळं-जांभळं फूल येतं. ब्रिटनमध्ये ते रानात फारच थोड्या ठिकाणी उगवतं. डर्बीशायरने त्याला आपलं फूल मानलं आहे. तोडू नका, त्यासाठी गवतात पाय घालू नका.

दरीत झाडं कापलेली दिसतील आणि वाईट वाटेल. हा ॲश डायबॅक या बुरशीचा रोग आहे. इथल्या दऱ्यांमधलं जंगल मुख्यतः ॲश वृक्षांचं होतं. रोगाने ती झाडं वाळून ठिसूळ झाली आहेत. वाटेवर कोसळू नयेत म्हणून काढावी लागतात आणि त्यांच्या जागी लाइम, विच एल्म अशी झाडं लावली जात आहेत. त्यामुळे वाट बंद असल्याची पाटी दिसली तर ती मोडून पुढे जाऊ नका.

शिशाच्या खाणींचं काही पाहता येतं का?

शेल्डन गावाजवळची मॅगपाय माइन पाहा. इंजिनघराची पडकी भिंत, गोल चिमणी, खड्ड्यावरचा लोखंडी सांगाडा, भोवती मेंढ्या. १९५८ पर्यंत इथे काम चालू होतं. खाणीजवळ मातीचे उघडे-बोडके ढिगारे दिसतील. शिशामुळे तिथे साधं गवतही धड वाढत नाही. पण वाकून पाहिलंत तर त्याच विषारी मातीत नखाएवढी पांढरी फुलं असतात. स्प्रिंग सँडवर्ट हे त्यांचं नाव. स्थानिक लोक तिला लेडवर्ट म्हणतात. जुने खाणकामगार ती पाहून शिशाचा अंदाज बांधत. मुलांना ढिगाऱ्यावर खेळू देऊ नका आणि जेवणाआधी हात धुवा. शेतात मध्येच गोल कुंपण दिसलं तर ती जुनी विहीरवजा खाण समजा आणि लांबून जा.

ईम गावाबद्दल ऐकलं आहे. ते प्लेगचंच का?

हो. बेकवेलपासून सुमारे ११ किलोमीटर. १६६५ साली लंडनहून शिंप्याकडे आलेल्या कापडातून पिसवा आल्या आणि प्लेग सुरू झाला, असं सांगितलं जातं. पुढच्या वर्षी रोगाने पुन्हा उचल खाल्ली तेव्हा धर्मगुरू विल्यम मॉम्पेसन आणि त्यांचे पूर्वसुरी थॉमस स्टॅन्ली यांनी गावाला एक गोष्ट पटवली: कुणी गाव सोडायचं नाही, म्हणजे रोग शेजारच्या गावांत जाणार नाही. लोकांनी ते मानलं. बाहेरचे लोक वेशीवर अन्न ठेवून जात. गावकरी दगडाच्या खळग्यांत व्हिनेगरमध्ये नाणी बुडवून ठेवत. तो दगड आजही आहे आणि त्यातल्या खळग्यांत हात घालता येतो. प्रार्थना चर्चऐवजी उघड्यावर, दरीत होऊ लागल्या. १६६६ च्या नोव्हेंबरपर्यंत सुमारे २६० माणसं गेली. मॉम्पेसन यांच्या पत्नी कॅथरीन त्यांपैकी एक. गावाबाहेर रायली ग्रेव्ह्ज म्हणून जागा आहे. एलिझाबेथ हॅनकॉक या बाईने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुलं तिथे स्वतःच्या हातांनी पुरली.

घरांवर मृतांच्या नावांच्या पाट्या आहेत आणि त्या घरांत आज लोक राहतात. खिडकीतून डोकावणं, दारात उभं राहून सेल्फी काढणं टाळा. संग्रहालय छोटं असलं तरी नेटकं आहे, आधी ते पाहून मग गावात फिरा.

वेल ड्रेसिंग म्हणजे काय? कधी असतं?

झरे, विहिरी आणि पाण्याचे नळ फुलांच्या चित्रांनी सजवण्याची ही प्रथा याच भागाची खासियत. टिसिंग्टन गावात असेन्शन डे या ईस्टरनंतरच्या ख्रिस्ती सणाला, म्हणजे मे-जूनच्या सुमारास, हंगाम सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावात चालू असतो. बेकवेलजवळ ॲशफर्ड आणि यूलग्रेव्ह इथलं काम अव्वल. यूलग्रेव्हला तर १८२९ मध्ये नळाने पाणी आलं, त्याचा आनंद या सजावटीशी जोडलेला आहे. चुनखडीच्या कोरड्या माळावर पाणी वाहून आणणाऱ्या बायकांना तो नळ काय वाटला असेल!

शक्य असेल तर उत्सवाच्या दोन-तीन दिवस आधी जा, कारण करतानाचं पाहण्यात खरी मजा आहे. खिळे ठोकलेल्या लाकडी फळ्या काही दिवस पाण्यात भिजत ठेवतात. मीठ घातलेली चिकणमाती पायांनी तुडवून मऊ करतात आणि फळीवर थापतात. कागदावरचं चित्र मातीवर ठेवून टोचतात, रेषांवर कॉफीचे दाणे किंवा ऑल्डरची बारकी बोंडं बसवतात. मग पाकळ्या. त्या खालून वर, एकीवर दुसरी चढवून, कौलांसारख्या लावतात, म्हणजे पावसाचं पाणी ओघळून जातं. शेवाळ, बिया, झाडाची साल सगळं चालतं. गावातल्या आज्यांपासून शाळकरी मुलांपर्यंत सगळे रात्री उशिरापर्यंत वाकून बसलेले असतात. नम्रपणे विचारलंत तर तुमच्याही हातात पाकळ्या देतील. चित्र आठवडाभर टिकतं.

हॅडन हॉल, दगडांची वर्तुळं वगैरे?

हॅडन हॉल हा मध्ययुगीन वाडा बेकवेलपासून तीनेक किलोमीटरवर आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात तो जवळजवळ रिकामा पडून राहिला. म्हणून नव्या फॅशनच्या तडाख्यातून वाचला. चॅट्सवर्थच्या थाटापेक्षा हा वाडा मला जास्त भावतो.

स्टँटन मूरवर नाइन लेडीज हे कांस्ययुगीन वर्तुळ आहे. रविवारी नाचल्या म्हणून नऊ बायकांचे दगड झाले, अशी दंतकथा आहे. आर्बर लो हे त्याहून जुनं, नवाश्मयुगीन. तिथले चुनखडीचे मोठे दगड आडवे पडलेले आहेत. वारा फार असतो, मफलर घ्या.

लोकांच्या शेतातून खरंच चालता येतं?

सार्वजनिक पायवाट असेल तर येतं, तो कायदेशीर हक्क आहे. पिवळा बाण म्हणजे पायी जाण्याची वाट, निळा म्हणजे घोडे आणि सायकलींनाही मुभा. २००० सालच्या कायद्याने माळरानाच्या बऱ्याच भागात वाट सोडूनही फिरता येतं. फाटक जसं सापडेल तसं ठेवा: बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गडग्यांवर चढू नका. चुना-सिमेंट न वापरता रचलेल्या त्या भिंतीतला एक दगड निसटला तर पुढे वाव-दोन वाव ढासळतं. वासरं बरोबर असलेल्या गाईंपासून लांबून वळसा घ्या. गाय आपल्याकडे जितकी शांत वाटते तितकी इथे गृहीत धरू नका. ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशासंस्थेचा ओ-एल चोवीस (OL24) क्रमांकाचा नकाशा जवळ ठेवा, दऱ्यांमध्ये मोबाइलला रेंज मिळत नाही.

गाडी नाही. कसं यावं?

बेकवेलला आता रेल्वे नाही. शेफील्डहून २१८ क्रमांकाची बस चॅट्सवर्थमार्गे येते. डर्बीहून मॅटलॉकमार्गे ट्रान्सपीक बस आहे, ती पुढे बक्सटनला जाते. परतीच्या शेवटच्या बसची वेळ आधी पाहून ठेवा, रविवारी बस कमी असतात. गाडीने येणार असाल तर शनिवार-रविवारी दहाच्या आत पोचा.

कधी यावं, आणि डोंगरावर शेगडी लावली तर चालेल का?

मे-जून चुनखडीच्या दऱ्यांसाठी, ऑगस्ट डार्क पीकवरच्या जांभळ्या हेदरसाठी, ऑक्टोबरचा शेवट चॅट्सवर्थच्या बीच वृक्षांसाठी. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो, चालायचं ते दुपारपर्यंत.

शेगडी, तेही एकदा वापरून टाकायची बार्बेक्यूवाली, अजिबात नको. हेदरखालचं पीट सुकलं की आग जमिनीच्या आत शिरते आणि वरून विझल्यासारखी दिसली तरी दिवसेंदिवस धुमसत राहते. करल्यू आणि लॅपविंगसारखे पक्षी तिथे जमिनीवर घरटी करतात. कॉर्न भाजायची हौस घरच्या अंगणात पुरवा आणि इथे थर्मासमधला चहा घेऊन या.